कोरफड, हळद, चुना आणि ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न

पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका मित्राने गेल्या आठवड्यात मला त्याचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय होता ‘दुभत्या गायींच्या कासदाहावर वनौषधी लेपाची परिणामकारकता’. कासदाह म्हणजे आपल्याकडे गोठ्यात ज्याला ‘दगडी’ म्हणतात तो आजार. विषय उत्तम आहे, गरजेचा आहे. पण सिनॉप्सिस वाचताना मला माझाच चार वर्षांपूर्वीचा कच्चा मसुदा आठवला. चूक तीच होती, आणि या विषयावरच्या बऱ्याच छापील लेखनातही तीच दिसते. म्हणून आज एखाद्या पेपरचा सारांश देण्याऐवजी या लेखनाची एकत्रित चिकित्सा करू या. तुमचा विषय पशुवैद्यकाचा नसला तरी वाचा. ही चूक सगळीकडे होते.

आधी लेप काय आहे ते बघू. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, म्हणजे एनडीडीबी, आणि बेंगळुरूचं ट्रान्सडिसिप्लिनरी विद्यापीठ यांनी पारंपरिक पशुउपचारांचा देशभर प्रसार केला. त्यातला सगळ्यात गाजलेला उपाय कासदाहावरचा आहे. साधारण २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटायचं. लालसर लगदा होतो. त्यातला थोडा पाण्यात पातळ करायचा. कास धुऊन, आतलं दूध पिळून काढून, लेप पूर्ण कासेला लावायचा. दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. सोबत गायीला लिंबं खाऊ घालायची. खर्च नगण्य, आणि वस्तू बहुतेक घरातच असतात.

याला एवढं महत्त्व का आलं, तेही समजून घ्या. कासदाह झाला की आपल्याकडे सर्रास सडात अँटिबायोटिकची ट्यूब भरतात, वर इंजेक्शनही देतात. औषधाच्या लेबलवर लिहिलेला काळ संपेपर्यंत ते दूध डेअरीवर घालायचं नसतं. पण रोजच्या पगारावर घर चालणाऱ्याने दूध ओतून द्यायचं म्हणजे काय, हे गोठ्यात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. काही दूध संकलनाला जातंच. आणि जनावरांत बेसुमार अँटिबायोटिक वापरली की औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात, त्याची झळ माणसांना बसते. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतलं औषध. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत ते वापरायला भारतात २०१९ मध्ये बंदी घालावी लागली, ती याच काळजीपोटी. तेव्हा लेपाने खरंच काम होत असेल तर ती मोठी गोष्ट आहे. म्हणूनच त्याची तपासणी कडक व्हायला हवी. ‘आपलं आहे म्हणून चांगलंच’ आणि ‘झाडपाला आहे म्हणून फालतू’ ही दोन्ही वाक्यं संशोधकाच्या तोंडी शोभत नाहीत.

आता माझी गोष्ट. एम.व्ही.एस्सी. झाल्यावर मी आमच्या भागातल्या तीसेक गायींची नोंद केली. शेतकऱ्याने ‘दगडी झालीय’ म्हणून कळवलं की जायचं, लेप करून दाखवायचा, आठवड्याने पुन्हा जाऊन बघायचं. बहुतेक गायींची सूज उतरली होती, दुधातल्या गाठी गेल्या होत्या. मी खुशीत टक्केवारी काढली, पाय-चार्ट केला आणि मॅडमना दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, “छान. आणि लेप लावला नसता तर यातल्या किती बऱ्या झाल्या असत्या?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, “मॅडम, पण शेतकरी स्वतः सांगतायत ना.” त्या म्हणाल्या, “शेतकरी गाय बरी झाली हे सांगतोय. कशाने झाली हे तू सांगतोयस.”

हा फरक वहीत लिहून ठेवा. या विषयावरचं बरंच लेखन इथेच अडखळतं. इतक्या गायींना लेप लावला, इतके टक्के बऱ्या झाल्या, म्हणून लेप गुणकारी. मधली पायरी गायब. ती पायरी म्हणजे तुलना.

कासदाहात ही पायरी विशेष महत्त्वाची आहे, कारण हा आजार बऱ्याचदा आपोआप ओसरतो. ई. कोलायसारख्या जंतूंचा सौम्य कासदाह गायीची प्रतिकारशक्ती अनेकदा स्वतःच निपटवते. आपल्याला दुधात गाठी दिसतात तोवर जंतू मरूनही गेलेले असू शकतात. प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यांपैकी बऱ्याच नमुन्यांत काहीच वाढत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. उलट स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेच्या आत ठाण मांडून बसतो. सूज उतरते, दूध स्वच्छ दिसतं, शेतकरी सुटकेचा श्वास टाकतो आणि काही आठवड्यांनी तोच सड पुन्हा सुजतो. स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिए हा तिसराच. तो पेनिसिलिनला चांगली दाद देतो, तिथे पेनिसिलिन न देणं हेच नुकसानीचं. म्हणजे ‘दगडी’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वाटेने जाणारे आजार आहेत. तिन्ही एकाच टोपलीत टाकून काढलेल्या टक्केवारीला अर्थ उरत नाही. एखाद्या गावात ई. कोलाय जास्त असेल तर तिथे लेप ‘चमत्कार’ करेल, शेजारच्या गावात ऑरियस जास्त असेल तर तोच लेप ‘नापास’ होईल.

त्यात आपण गोठ्यात कधी पोचतो तेही बघा. शेतकरी बोलावतो तेव्हा आजार सहसा शिखरावर असतो. शिखरानंतर उतारच असतो, मग तुम्ही लेप लावा, ट्यूब भरा किंवा नुसती गायीची पाठ थोपटा. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. प्रवेश परीक्षेसाठी तुम्ही ही संज्ञा पाठ केली असेल. तिचं प्रत्यक्ष उदाहरण गोठ्यात उभं आहे.

मी ‘नुसती पाठ थोपटा’ म्हटलं ते चेष्टेत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा व विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या ओंटारिओ इथल्या आठ व्यावसायिक गोठ्यांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये जर्नल ऑफ डेअरी सायन्समध्ये आला. लागो आणि सहकाऱ्यांचा. कासदाह झालेल्या गायींचे दोन गट चिठ्ठी टाकावी तसे पाडले. एका गटात सगळ्यांना सडात अँटिबायोटिक. दुसऱ्या गटात आधी गोठ्यावरच दुधाचा नमुना वाढवून जंतू पाहायचा, आणि गरज दिसली तरच औषध. दुसऱ्या गटात अँटिबायोटिकचा वापर सुमारे निम्म्यावर आला, आणि गायी बऱ्या होण्यात लक्षणीय फरक पडला नाही.

या निकालाचा आपल्या लेपाशी काय संबंध, हे जरा थांबून विचार करा. सौम्य कासदाहाच्या बऱ्याच गायींना औषधाची गरजच नसेल, तर त्या गायींना तुम्ही काहीही लावा, ते ‘यशस्वी’ ठरणार. पण याला दुसरी बाजूही आहे. शेतकऱ्याला ‘काही करू नका, वाट बघा’ सांगितलं तर तो ऐकत नाही. सुजलेल्या कासेकडे हात बांधून कोण बघत बसेल? तो जवळच्या दुकानातून ट्यूब आणतोच. त्याच्या हाताला लेपाचं काम दिलं, तर नको असलेलं अँटिबायोटिक टळतं. म्हणजे लेपात औषधी गुण शून्य असला तरी त्या योजनेचा फायदा खरा असू शकतो. ‘लेपाने गाय बरी होते का’ आणि ‘लेपाच्या योजनेने अँटिबायोटिकचा वापर सुरक्षितपणे कमी होतो का’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांना वेगळी मांडणी लागते, वेगळी मोजमापं लागतात. माझ्या मित्राच्या सिनॉप्सिसमध्ये, आणि माझ्या जुन्या मसुद्यातही, दोन्ही एकाच उद्दिष्टात कोंबलेले होते.

आता दुसऱ्या प्रकारच्या पेपरांकडे वळू. हे गोठ्यात जातच नाहीत. हळदीचा किंवा कोरफडीचा अर्क काढायचा, बहुधा इथेनॉलमध्ये. जंतू वाढवलेल्या प्लेटवर अर्काची चकती ठेवायची, भोवती किती मिलिमीटर मोकळं वर्तुळ पडलं ते मोजायचं, आणि निष्कर्षात लिहायचं की कासदाहावर हा पर्याय ठरू शकतो. प्रयोग चुकीचा नाही, निष्कर्षाची उडी मोठी आहे. शेतकरी अर्क लावत नाही, लगदा लावतो. प्लेटवर जंतू उघडे असतात, गायीत ते कासेच्या आत, दूधवाहिन्यांत आणि पेशींत असतात, आणि लेप बाहेरच्या कातडीवर असतो. मध्ये कातडी आहे, ऊती आहेत, आणि चरबी व केसीनने भरलेलं दूध आहे. केसीन कितीतरी पदार्थांना धरून ठेवतं. कातडीतून नेमका कोणता घटक, किती प्रमाणात आत पोचला, हे दाखवल्याशिवाय प्लेटवरचं वर्तुळ गायीबद्दल फारसं काही सांगत नाही.

हळदीचीच गोष्ट घ्या. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. कुंकवाचा पारंपरिक रंग याच रसायनावर उभा आहे. चुन्याच्या अल्कामुळे हळदीतल्या करक्युमिनचं रूप बदलतं, तोच हा लाल रंग. आणि करक्युमिन पाण्यात नाजूक आहे. शरीराच्या तापमानाला, ७.२ इतक्या पीएचच्या साध्या बफरमध्ये ते अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटित होतं, हे १९९७ पासून प्रसिद्ध आहे. दूध, प्रथिनं किंवा स्निग्धांश असला की ते जास्त टिकतं. मग चुन्याने लाल झालेल्या, कोरफडीच्या गरात कालवलेल्या लगद्यात तासाभराने कोणता रेणू किती उरतो? हे मोजावं लागेल. शुद्ध करक्युमिन प्लेटवर टाकून मिळालेला आकडा या लगद्याला चिकटवता येणार नाही.

शिवाय करक्युमिनचं एक खोड संशोधकांना चांगलंच ठाऊक आहे. २०१७ मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत त्यावर विस्तृत परामर्श घेतला. हा रेणू अनेक चाचणीपद्धतींनाच फसवतो, कधी प्रथिनांना चिकटून, कधी स्वतःच चमकून. त्यामुळे प्रयोगशाळेत तो कशावरही ‘गुणकारी’ दिसतो. माणसांवर १२० हून अधिक चाचण्या होऊनही पक्क्या पद्धतीची एकही दुहेरी-अंध चाचणी यशस्वी झालेली नव्हती, असं त्यांनी नोंदवलं. हळद निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. ‘हळदीत करक्युमिन असतं आणि करक्युमिन जंतुनाशक आहे’ एवढ्या दोन वाक्यांवर प्रस्तावनेचं प्रकरण उभं करू नका, एवढाच अर्थ.

तिसरी अडचण कमी बोलली जाते. ती म्हणजे हरवलेल्या गायी. पाच दिवसांनी तुम्ही गोठ्यात जाता आणि गाय तिथे नसते. बाजारात विकली. किंवा तिसऱ्या दिवशी घाबरून शेतकऱ्याने डॉक्टरला बोलावलं, इंजेक्शन झालं, आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं. पहिली गाय तुमच्या तक्त्यातून गळते, दुसरी ‘लेपाने बरी’ या रकान्यात जाते. माझ्या तीसेक गायींत दोन्ही प्रकार होते आणि मी दोन्ही ठिकाणी चुकलो होतो. अभ्यासात घेतलेल्या प्रत्येक गायीचा शेवट तक्त्यात दिसला पाहिजे. विकली असेल तर ‘विकली’ लिहा, का विकली ते विचारून लिहा. सड आटला म्हणून विकलेली गाय हा अभ्यासाचा निकाल आहे, गळती नव्हे.

चौथी गोष्ट निव्वळ आकड्यांची. समजा ३० पैकी २४ गायी बऱ्या झाल्या. ८० टक्के, ऐकायला झकास. पण त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण ६३ ते ९१ येतो. म्हणजे खरा आकडा पासष्टही असेल, नव्वदही. समजा आपोआप बऱ्या होणाऱ्या गायी ६० टक्के आहेत आणि लेपाने त्या ७५ टक्के होतात असं तुम्हाला दाखवायचं आहे. तर नेहमीच्या ८० टक्के पॉवरसाठी प्रत्येक गटात सुमारे १५० गायी लागतील. दोन्ही मिळून ३००. एकट्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत हे जड आहे. म्हणून एकतर दोन-तीन जणांनी मिळून एकच आराखडा वापरा, किंवा प्रश्न लहान करा. तीस गायींवर मोठा प्रश्न विचारू नका.

“टीका सगळेच करतात, तू काय केलं असतंस ते सांग,” असं मित्र म्हणालाच. तर माझा आराखडा असा.

एक, आजाराच्या तीन पायऱ्या पहिल्याच भेटीत लिहायच्या. फक्त दूध बिघडलंय ती सौम्य. कासही सुजलीय ती मध्यम. ताप आहे, खाणं सोडलंय, गाय मलूल आहे ती तीव्र. तीव्र गाय अभ्यासात घ्यायचीच नाही. तिला ताबडतोब पशुवैद्यकाचा उपचार.

दोन, लेपाचा पहिला हात लागण्याआधी दुधाचा नमुना घ्यायचा. जंतू कोणता, हे कळल्याशिवाय पुढची सगळी टक्केवारी आंधळी.

तीन, दोन गट चिठ्ठीने पाडायचे आणि एकक गाय धरायची, सड नव्हे. लेप पूर्ण कासेला लागतो आणि एका गायीचे चार सड एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एका गायीचे चार सड ‘चार नमुने’ म्हणून मोजणं ही या क्षेत्रातली नेहमीची चलाखी आहे.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तुलनेच्या गटाला लेप सोडून बाकी सगळं सारखंच मिळालं पाहिजे. तितक्याच वेळा कास धुणं, तितक्याच वेळा दूध पिळून काढणं. नाहीतर फरक हळदीने पडला की दिवसातून दहा वेळा कास रिकामी केल्याने, हे कधीच कळणार नाही. लाल लेप शेतकऱ्यापासून लपवता येणार नाही हे खरं. पण प्रयोगशाळेत नमुना तपासणाऱ्याला गट कळू न देणं सहज जमतं.

पाच, ‘बरी झाली’ म्हणजे काय ते आधीच लिहून ठेवायचं. सूज उतरणं वेगळं, जंतू जाणं वेगळं, दुधातल्या पेशींची संख्या मिलिलिटरला २ लाखांच्या खाली येणं वेगळं. पाचव्या दिवशी थांबू नका. साधारण १४ आणि २१ दिवसांनी पुन्हा नमुने घ्या, म्हणजे दबा धरून बसलेला ऑरियस पकडला जाईल.

सहा, कोणत्या लक्षणावर लेप थांबवून औषध सुरू करायचं, हे शेतकऱ्याला पहिल्याच दिवशी कागदावर द्यायचं. पशुधनावरच्या चाचण्या कशा मांडाव्यात यासाठी २०१० पासून ‘रिफ्लेक्ट’ नावाची मार्गदर्शक यादी आहे. सिनॉप्सिस लिहिण्याआधी ती समोर ठेवा, लिहून झाल्यावर नव्हे.

तुलनेचा गट ठेवणं अशक्य नसतं, याचं एक उदाहरण. अमेरिकेत सेंद्रिय दुधाच्या नियमांत अँटिबायोटिक चालत नाही, त्यामुळे तिथे वनौषधींना मागणी आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांचा २०१४ मध्ये आलेला अभ्यास आटवणीच्या वेळच्या उपचारांवर आहे. त्यात दोन वनौषधी उत्पादनं, नेहमीचा अँटिबायोटिक उपचार, आणि ‘काहीच न देणं’ हेही गट होते. पेपर मिळवा आणि निकालाआधी मांडणी वाचा. वनौषधी अँटिबायोटिकइतकी ठरली असं कुठेही वाचलंत की लगेच विचारा, काहीच न देण्याच्या मानाने दोन्ही कशी ठरली? हाच प्रश्न अँटिबायोटिकलाही लागू आहे. आपल्या डॉक्टरमंडळींचा ट्यूबवरचा विश्वास पुष्कळदा माझ्या त्या पाय-चार्टसारखाच उभा असतो. गाय बरी झाली, म्हणजे ट्यूबने झाली.

शेवटी सहाव्या मुद्द्याबद्दल थोडं. तो मी पुस्तकातून शिकलो नाही. माझा तो पाय-चार्ट तयार होता त्याच हंगामात आमच्या घरची गाय व्यायली आणि आठवड्यात तिचा मागचा सड सुजला. आईने फोन केला. मी म्हणालो, “लेप लाव, उतरेल.” तिने मनापासून लावला, रात्री उठून लावला. गायीने वैरण सोडल्याचं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. मी म्हणालो, “अजून एक दिवस बघ.” माझ्याकडे तीसेक गायींची टक्केवारी होती ना! चौथ्या दिवशी डॉक्टर आले. गाय वाचली, सड गेला. आई मला काही बोलली नाही. आजही ती शेजारणींना लेप सांगते, पण सोबत एक वाक्य जोडते: “गाय खात नसेल तर लेपाच्या नादी लागू नको, डॉक्टरला बोलाव.”

लेपाचा दोष नव्हता. कोणत्या गायीला तो पुरेल आणि कोणत्या गायीला नाही, हे माझ्या आकड्यांत कुठेच नव्हतं, आणि तरी मी त्या आकड्यांवर सल्ला दिला. तुमचा सिनॉप्सिस उद्या पेपर होईल, परवा पत्रक होईल, आणि तेरवा कोणाची तरी आई ते वाचून रात्री उठेल. तेव्हा उद्दिष्टांच्या पानावर पेन टेकवण्याआधी एक प्रश्न पहिल्या ओळीत लिहा: कशाच्या तुलनेत?

पुढच्या वेळी नमुनासंख्या कशी काढायची ते हाताने गणित करून बघू. वरचे १५० कुठून आले, ते तोवर स्वतः काढून पाहा.